श्वेत बटू बघायचाय? मग व्याधाचा नाद सोडा आणि यमुनेतली फिकी जोडी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आलाय की सहा इंची डॉब (फिरत्या पाटावर बसवलेली आरशाची दुर्बीण) घेतलाय, डिसेंबरपासून दहा-बारा वेळा व्याधाचा साथीदार म्हणजे सिरियस बी हा श्वेत बटू (संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, तापलेला गाभा) बघायचा प्रयत्न केला, काही दिसत नाही, आता ४० इरिडानी या तिहेरी ताऱ्यामधला श्वेत बटू सोपा असतो असं कळलंय तर तो खरंच सहा इंचीत दिसतो का, शोधायचा कसा, दिसला तर तो तोच हे ओळखायचं कसं, आणि मोबाईलने फोटो निघेल का.

दिसतो. पुण्यातल्या गच्चीवरून सुद्धा दिसतो. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं जोडतारे बघते आणि सिरियस बी मला त्यातल्या मोजून चार रात्री दिसलाय, त्यातल्या एका रात्रीबद्दल तर माझी मलाच खात्री नाही. त्यामुळे तुम्हाला दिसला नाही यात तुमचं किंवा दुर्बिणीचं काही चुकत नाहीये. तो बिचारा ८.४ मॅग्निट्यूडचा आहे (हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका), म्हणजे तसा चांगला उजळ, पण त्याच्यापासून जेमतेम ११ आर्कसेकंदांवर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्याध बसलाय आणि व्याध त्याच्या नऊ-दहा हजार पट तेजस्वी, मग काय होणार, हवा जरा हलली की सगळा उजेडाचा चिखल. ४० इरिडानीमध्ये उलटं आहे, तिथला श्वेत बटू ९.५ मॅग्निट्यूडचा म्हणजे जास्त फिका, पण उजळ तारा त्याच्यापासून तब्बल ८३ आर्कसेकंद लांब आहे आणि तो उजळ तारा, म्हणजे ए, पण ४.४ चाच आहे. फिका असूनही सोपा, याचं कारण शेजारी बरा आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बहुतेक जण तो श्वेत बटू म्हणजे बी बघतात, वहीत टिक करतात आणि पुढे जातात. तिथे तिसरा पण आहे, सी, ११.२ मॅग्निट्यूडचा लाल बटू (छोटा, थंड, मंद तारा), बी च्या अगदी अंगाला. खरी जोडी ती आहे, बी आणि सी, आणि ए त्यांच्यापासून चारशेच्या वर खगोलीय एकक (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) दूर राहून त्यांच्याबरोबर चाललाय. माझं म्हणणं असं की सी बघितल्याशिवाय बी बघितला असं म्हणू नका. का ते पुढे सांगते, आधी शोधायचं बघू.

इरिडॅनस म्हणजे आपल्या मराठी नकाशात यमुना. मृगाच्या पायाशी असलेल्या राजन्यापासून, म्हणजे रायगेलपासून निघते आणि वळणं घेत घेत पार दक्षिणेला अग्रनदापर्यंत जाते. तुम्हाला लागणारा भाग अगदी सुरुवातीचा आहे त्यामुळे क्षितिजाशी झटापट करायची गरज नाही, पुण्यातून हा तारा मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा ६४ अंश वर असतो, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास. फेब्रुवारीअखेरपर्यंत संध्याकाळी आरामात मिळतो.

राजन्यापासून सरळ पश्चिमेला १५ अंश. हात लांब करून तर्जनी आणि करंगळी ताणली की होतात तेवढे. तिथे शहरातून नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, म्हणून फाइंडरने (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीने) हळूहळू जायचं. राजन्याच्या थोडा वर कर्सा आहे (बीटा इरिडानी, हा शहरातून पण दिसतो), तिथून पश्चिमेला ओमेगा, मग म्यू आणि न्यू ही शेजारी शेजारी दोघं, आणि न्यू पासून नैऋत्येला सात एक अंश गेलात की फाइंडरमध्ये साधारण अंशभर अंतरावर दोन तारे एकत्र येतात. हे ओमिक्रॉन १ आणि ओमिक्रॉन २. अरबी नावं बेड आणि केड, म्हणजे अंडी आणि अंड्यांची टरफलं. तुम्हाला टरफलं हवीत. केड म्हणजेच ४० इरिडानी ए.

इथे मी माती खाल्लेली आहे. पहिल्या वर्षी भोरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो होतो, मला जोडी पैकी एक तारा सापडला, बाजूला एक फिका ठिपका दिसला, मी आनंदाने वहीत लिहिलं "श्वेत बटू, स्पष्ट, १० वाजून २० मि." आणि सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवला. एक आजोबा तर दोनदा येऊन बघून गेले. पुढच्या हिवाळ्यात परत लावला तर ठिपका भलत्याच बाजूला आणि भलत्याच अंतरावर. मी वर्षभर ओमिक्रॉन १ च्या शेजारचा कुठला तरी अनामिक तारा श्वेत बटू म्हणून मिरवत होते. त्या आजोबांना अजून माहीत नाही. गंमत म्हणजे हे दोन ओमिक्रॉन एकमेकांचे कोणीच नाहीत, बेड शंभर प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे आणि केड फक्त सव्वासोळा-साडेसोळा प्रकाशवर्षांवर.

तर ओळखायची खूण: दोघांपैकी जो आग्नेयेकडचा आहे, किंचित फिका आहे आणि जरा पिवळसर नारिंगी वाटतो तो केड. बेड पांढरट. तुमच्या फाइंडरमध्ये चित्र उलटं दिसत असेल तर दिशा उलटी धरा, आणि शंका आली तर दुर्बीण नुसती सोडून द्या, तारे ज्या बाजूला सरकतात ती पश्चिम, यात कधी चूक होत नाही. अजून एक भारी पडताळा आहे, वेळ असेल तर करा. केड आणि राजन्य जवळपास एकाच पट्ट्यात आहेत, दोघांच्या क्रांतीत (आकाशातल्या उत्तर-दक्षिण अंशांत) अर्ध्या अंशाचा फरक आणि केड राजन्याच्या पुढे साधारण एक तास. म्हणजे केड आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मधोमध ठेवा, डॉबला हात लावू नका, चहा प्या, गप्पा मारा, तासाभराने फाइंडरमध्ये राजन्य स्वतः चालत येतो, मध्यापासून अर्धा अंश दक्षिणेला. आला तर तुम्ही बरोबर जागी होतात. मी एकदा हे करताना खुर्चीत झोपले आणि उठले तेव्हा राजन्य येऊन गेलेला होता, पण ते सोडा.

आता आयपीसमध्ये काय दिसतं. तुमच्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ १२०० असणार, २५ मिमी आयपीस लावलात तर ४८ पट. ए मधोमध आणा. मोठा, उबदार रंगाचा, छान तारा आहे, सूर्यापेक्षा जरा थंड. त्याच्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, एक साधा ठिपका असतो. तो बी. त्यात बघितल्या बघितल्या वाटावं असं काहीही नाही, हे मी स्पष्ट सांगते, कारण लोक इंटरनेटवरची चित्रं बघून येतात आणि मग तोंड पाडतात.

खात्री करायला मी घड्याळ वापरते. ए ला आयपीसच्या पश्चिम कडेला आणा आणि सोडा. ए कडेच्या मागे गेला की मोबाईलचा स्टॉपवॉच चालू करा. बी जाईपर्यंत साडेपाच सेकंद लागले पाहिजेत, पाच ते सहाच्या मध्ये काहीही आलं तरी चालेल, आपला अंगठा काही वेधशाळा नाही. फक्त दोघंही कडेच्या साधारण मधल्या भागातून जातील असं बघा, तिरकी कड आली की वेळ चुकते. आकाश तिथे सेकंदाला जवळपास १५ आर्कसेकंद सरकतं, ८३ भागिले १५ केलं की तेवढंच येतं. ओमिक्रॉन १ च्या शेजारचा माझा तो खोटा श्वेत बटू या परीक्षेत पाचव्या सेकंदाला नापास झाला असता, पण तेव्हा मला ही युक्ती माहीत नव्हती.

मग १० मिमी लावा, १२० पट. ए ला सरळ कडेबाहेर ढकला म्हणजे त्याचा उजेड डोळ्यात येणार नाही आणि बी कडे बघत बसा. बघत बसा म्हणजे खरंच बसा, खुर्ची घ्या, उभं राहून वाकून फिके तारे दिसत नाहीत, मान थरथरते. बी च्या उत्तरेला, जरा वायव्येकडे, ८ आर्कसेकंदांवर सी आहे, म्हणजे ए आणि बी मध्ये जेवढं अंतर आहे त्याच्या दहाव्या भागाएवढं. सरळ त्याच्यावर नजर रोखू नका, बी च्या थोडं बाजूला बघा, तिरप्या नजरेत तो येतो, जातो, परत येतो. बी त्याच्यापेक्षा साडेचार पट उजळ आहे, तो काही त्याला गिळत नाही, अडचण फक्त आकाशाच्या उजेडाची आहे. शहरातून सहा इंचीत सी ला पावसाळ्यानंतरची धुतलेली हवा लागते, थंडीत धूर-धुकं खाली बसलेलं असतं तेव्हा मला गच्चीवरून तीन प्रयत्नांत एकदा मिळतो. शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटर गेलात की दहा मिनिटांत मिळायला हवा. आयपीसवर दव आलंय का ते आधी बघा, अर्ध्या वेळा दोष तिथेच असतो. आणि तोंडाने त्यावर फुंकर मारू नका, अजून ओला होतो.

रंगाबद्दल: ए चा रंग दिसतो. बी मला पांढरा वाटतो, पण मला तो पांढरा आहे हे माहीत आहे म्हणून वाटतो की काय कोण जाणे. सी लालभडक दिसला असं सहा इंचीतून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, एवढ्या फिक्या ठिपक्यात डोळ्याला रंग कळतच नाही. सी हा अधूनमधून भडकणारा तारा आहे, त्याला बदलत्या ताऱ्यांमध्ये डीवाय इरिडानी असं वेगळं नावही आहे, पण मी तरी त्याला भडकताना पकडलेलं नाही.

आता का बघायचा.

ही बी-सी जोडी विल्यम हर्शेलने ३१ जानेवारी १७८३ ला बघितली. त्याच्या लेखी तो नुसता फिका जोडतारा, यादीतली एक नोंद. नंतर १८२५ मध्ये थोरल्या स्त्रूव्हने आणि १८५१ मध्ये त्याच्या मुलाने मापं घेतली. त्या ठिपक्यात काही विचित्र आहे हे कळायला १९१० उजाडलं. हेन्री नॉरिस रसेल या खगोलशास्त्रज्ञाला त्या वेळी एक नियम दिसत होता की जे तारे खरोखर मंद आहेत ते सगळे लाल असतात, आणि हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंगशी बोलताना उदाहरण म्हणून त्याने ४० इरिडानीचा हा मंद साथीदार काढला. पिकरिंगने विल्यमिना फ्लेमिंगकडे विचारणा केली. या बाई आधी पिकरिंगच्याच घरी कामाला होत्या आणि पुढे ताऱ्यांच्या वर्णपटांचं (प्रकाशाच्या रंगपट्ट्यांचं) वर्गीकरण करणाऱ्या त्या काळातल्या मोठ्या तज्ज्ञ झाल्या, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं. तासाभरात उत्तर आलं: वर्णपटाचा वर्ग ए. म्हणजे व्याधासारखा पांढरा, तापलेला. एवढा गरम तारा एवढा मंद कसा? एकच वाट उरते, तो आकाराने फार म्हणजे फारच लहान असला पाहिजे. माणसाच्या ओळखीत आलेला पहिला श्वेत बटू तो हा. व्याधाच्या साथीदाराचा वर्णपट त्याच्यानंतर, १९१५ ला मिळाला, आणि श्वेत बटू हे नाव तर लायटन या खगोलशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये दिलं. प्रसिद्धी मात्र सगळी व्याधवाल्याला.

पण लहान आहे हे कळून भागत नाही, वजन किती ते कळलं पाहिजे, आणि एकट्या ताऱ्याचं वजन करता येत नाही. इथे सी कामाला येतो. दोघं एकमेकांभोवती २३० वर्षांत एक फेरी मारतात, त्यांच्यातलं सरासरी अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३५ पट, नीट सांगायचं तर ३४.६. केप्लरचा नियम शाळेतला आहे, अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग केला की दोघांचं मिळून वजन सूर्याच्या मापात येतं. ३४.६ गुणिले ३४.६ गुणिले ३४.६ म्हणजे ४१,४०० च्या आसपास. २३० चा वर्ग ५२,९००. भागा. ०.७८. झालं, दोन्ही तारे मिळून सूर्याच्या पाऊण पट. मग दोघांपैकी कोण किती झोके घेतो त्यावरून वाटणी, बी ०.५७ आणि सी ०.२०. हिशोब एवढाच आहे, फक्त ते २३० मिळवायला हर्शेलपासूनची मापं लागली.

आणि ते २३० सुद्धा सुखासुखी मिळालेलं नाही. १९७४ मध्ये काढलेल्या कक्षेत हा काळ २५२ वर्षं धरला होता. वरच्या हिशोबात बाकी सगळं तेच ठेवून २५२ घाला, ०.६५ येतं. म्हणजे काळात दहा टक्क्यांच्या आत चूक, वजनात सतरा टक्क्यांची घट. त्या वेळी बी चं वजन ०.४३ धरलं जायचं आणि ते कोणालाच पचत नव्हतं, कारण एवढ्या हलक्या श्वेत बटूचा मूळ तारा इतका छोटा निघतो की विश्वाच्या आजवरच्या वयात तो म्हातारा व्हायलाच नको. दुसरीकडे गुरुत्वामुळे प्रकाश लालीकडे किती सरकतो यावरून वजन काढणारे जास्त आकडा सांगत होते. (हे माप सुद्धा डॅनियल पॉपरने १९५४ मध्ये याच ताऱ्यावर घेतलंय, सेकंदाला २१ किलोमीटरच्या आसपास, आणि तिथेही सोबतचे तारे लागतात, कारण ताऱ्याचा स्वतःचा वेग किती आणि गुरुत्वाची ओढ किती हे वेगळं करायला त्याच गतीने चाललेला कोणीतरी शेजारी हवा.) १९९७ मध्ये हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेल्या अंतराने आकडा ०.५० वर आला, आणि २०१७ मध्ये नव्या मापांनी कक्षा परत काढली तेव्हा काळ २३० आणि वजन ०.५७३. भांडण मिटलं. मला यात मजा ही वाटते की चूक बी मध्ये नव्हतीच, १९७४ पर्यंत जोडीची एक फेरी सुद्धा पूर्ण बघून झालेली नव्हती. हर्शेलच्या नोंदीपासून पहिली फेरी पुरी झाली २०१३ च्या सुमारास. म्हणजे तुम्ही-मी दुसऱ्या फेरीचे प्रेक्षक.

बी चं बाकीचं वर्णन पटकन: तापमान १७,२०० केल्व्हिन, व्यास पृथ्वीच्या दीडपटीच्या आतच, आणि त्यात अर्ध्याहून जास्त सूर्य कोंबलेला. एक घन सेंटीमीटर, बोराच्या आठळीएवढं म्हणा, सरासरी साडेतीन क्विंटलच्या वर भरेल. एवढं वजन स्वतःच्याच भाराने कोसळत कसं नाही, आणि किती वजनाला ते कोसळेलच, हा प्रश्न पुढे १९३० मध्ये एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरने बोटीवर सोडवायला घेतला. ते सगळ्यांना माहीत असतं. ज्या ताऱ्यामुळे हा प्रश्नच उभा राहिला तो फाइंडरच्या वाटेवर आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

आज ए उजळ दिसतो म्हणून तो मुख्य वाटतो, पण एकेकाळी या घरातला कर्ता बी होता. तो सूर्याच्या पावणेदोन पटीहून जरा जड तारा होता, जड म्हणून उधळ्या, तिघं एकाच वयाचे असून हा सगळ्यात आधी संपला, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी. ए आणि सी जपून खर्च करणारे, ते अजून आहेत.

तुम्ही विचारलेलं नाही तरी पुढे कोणीतरी विचारेलच म्हणून सांगते, ए भोवती ग्रह सापडल्याची बातमी २०१८ मध्ये गाजली होती, ४२ दिवसांच्या फेरीचा, कारण एका अमेरिकन सायन्स फिक्शन मालिकेतल्या परग्रहवासीयांचं घर लोक इथेच मानतात. तो ग्रह नाहीये. तारा स्वतःभोवती साधारण तेवढ्याच दिवसांत फिरतो आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या घडामोडी ग्रहासारख्या वाटल्या, हे २०२४ पर्यंत स्पष्ट झालं. लोकांना दाखवताना ग्रहाची गोष्ट सांगू नका, नंतर मुलं बरोबर पकडतात.

फोटोचं: मोबाईल आयपीसला धरायचा होल्डर घ्या, हाताने धरून नाही जमणार. २५ मिमी वर ए आणि बी येतील, प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० आणि अर्धा सेकंद, जास्त ठेवलात तर डॉब स्थिर असल्यामुळे रेघा येतात, अर्ध्या सेकंदातच तारा ७ आर्कसेकंद सरकतो म्हणजे जवळजवळ बी-सी अंतराएवढा. म्हणून सी एका फोटोत मिळणार नाही, छोटे छोटे ५०-६० फोटो काढून स्टॅक करा (एकावर एक जुळवून एकच फोटो करा), मग उत्तरेला फुगीर झालेला बी तरी दिसेल, नशीब असेल तर वेगळा ठिपका. तारीख टाकून फोटो ठेवून द्या. हे तिघं मिळून वर्षाला ४ आर्कसेकंद नैऋत्येला पळतायत, हर्शेलच्या रात्रीपासून आजपर्यंत अर्ध्या चंद्राच्या रुंदीएवढे सरकलेत. दोन वर्षांनी त्याच आयपीसने परत काढलात आणि मागचे फिके तारे एकावर एक जुळवलेत तर ए आणि बी दोघंही ८ आर्कसेकंद पुढे गेलेले दिसतील, बरोबर बी आणि सी मध्ये आहे तेवढं अंतर.